कुंडीला गुण आला

ड्रिलमास्तरांनी गोळी तोंडात टाकली, वर पाण्याचा मोठा घोट घेतला, मान मागे टाकून घशातून 'घळ्ळ' असा आवाज काढला आणि बायकोसमोर जबडा वासला.

"झालं समाधान?"

"झालं," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

मास्तर झाडांना पाणी घालायला बाल्कनीत गेले. झारीनं कोपऱ्यातल्या कुंडीतली माती ओली केली, डाव्या गालात हिरडीशी दडवलेली गोळी दोन बोटांनी बाहेर काढली, मातीवर ठेवली आणि तर्जनीनं खोल दाबली. मग हात झटकून, छाती पुढे काढून ते आत आले. हा कार्यक्रम गेलं वर्षभर बिनबोभाट चालू होता.

मास्तरांनी सगळी नोकरी शाळेच्या मैदानावर पोरांना ड्रिल शिकवण्यात घालवली होती. निवृत्त झाले तरी शेजारीपाजारी, वाणी, न्हावी सगळे त्यांना ड्रिलमास्तरच म्हणत. गोळी म्हणजे शरीरानं दिलेला राजीनामा, असं त्यांचं मत होतं. नवीन माणसाशी ओळख झाली की नावाच्या पाठोपाठ ते सांगत, "आजतागायत एक गोळी गिळलेली नाही." अशा माणसाला एक दिवस चक्कर आली, डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, रक्तदाब वाढलाय म्हणाले आणि रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. बरं, डॉक्टरही मास्तरांचाच विद्यार्थी. ज्या पोराला 'बाएं मुड' म्हटल्यावर उजवीकडे वळतो म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, त्यानं आता आपल्याला शिस्त लावायची?  मास्तरांनी कुंडी गाठली.

त्या कुंडीत पूर्वी काहीतरी शोभेचं होतं, ते मेलं आणि त्या जागी आपोआप एक तण उगवलं. कोणी लावलं नाही, कोणी उपटलं नाही. गोळ्या सुरू झाल्यावर आठवड्याभरात बाईंनी त्याचं एक पान चावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि जाहीर केलं, "कडूजहर आहे. म्हणजे औषधी असणार." त्या दिवसापासून मास्तरांना रोज त्या पाल्याचा कपभर काढा मिळू लागला. मास्तर तो डोळे मिटून प्यायचे. गोळीपुढे मान तुकवणं वेगळं आणि निसर्गापुढे वेगळं, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

आणि गंमत म्हणजे रक्तदाब उतरला! उतरला तो उतरलाच. डॉक्टर दर महिन्याला खूश होऊन म्हणत, "सर, गोळी मस्त लागू पडलीय." मास्तर मूग गिळून बसत. गोळी नेमकी कोणाला लागू पडलीय, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. सुरुवातीला त्यांनी सगळं श्रेय स्वतःच्या जोर-बैठकांना दिलं. पण हळूहळू त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. गोळी पोटात जात नाही, काढा मात्र जातो. म्हणजे गुण काढ्याचा! हे सिद्ध करणारा पुरावा अख्ख्या जगात फक्त आपल्यापाशी आहे आणि तो कोणाला सांगता येत नाही, या विचारानं ते फार अस्वस्थ होत.

त्यात घरात सून होती. मुलगा बोटीवर नोकरीला, तेव्हा घरात ही तिघंच. सून झाडपाल्यातली रसायनं शोधणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. पानं वाळवायची, दळायची, अर्क काढायचा, अर्कातली रसायनं वेगळी करायची आणि त्यातलं कुठलं कुठल्या रोगाला भारी पडतंय ते बघायचं, हे तिचं काम. कितीतरी मोठी औषधं मुळात कुठल्या तरी सालीतून, पाल्यातूनच आली आहेत, हे ती डोळे मोठे करून सांगायची. पण तिच्या वाट्याला आलेल्या झाडांनी तिला दाद दिली नव्हती. तीन वर्षांत हाती काही लागलं नाही आणि आता प्रकल्प बंद करायचा का हे ठरवायला बाहेरून एक समिती येणार होती. हल्ली ती जेवताना बोलायची नाही, नुसती घास चिवडत बसायची. मास्तरांना ते बघवेना. सुनेवर त्यांचा पोटच्या मुलीसारखा जीव होता.

एका सकाळी त्यांनी पिशवीभर पाला खुडून तिच्या हातात दिला.

"बाळ, हे ने. तपास."

"बाबा, हे साधं तण आहे. रस्त्याच्या कडेला ढिगानं उगवतं."

"रस्त्याच्या कडेला मीसुद्धा उभा राहतो. म्हणून मी साधा झालो काय? माझ्याकडे बघ. वर्षभर रक्तदाब कसा सरळ रेषेत चाललाय."

"अहो, गोळी घेताय ना तुम्ही."

मास्तरांनी घसा खाकरला. "गोळी आहेच. पण तू ने."

स्वयंपाकघरातून बाई लगबगीनं बाहेर आल्या. "काहीतरीच तुमचं! कामाच्या माणसाला तण घेऊन पाठवता? हसतील तिला. ठेव गं ते." पण सून सासऱ्यांचं मन मोडणाऱ्यांतली नव्हती. तिनं पिशवी नेली.

काही दिवसांनी ती धावतच घरी आली. चपलाही काढल्या नाहीत.

"बाबा! सापडलं! तुमच्या झाडात सापडलं!"

मास्तरांचा ऊर भरून आला. "म्हटलं नव्हतं? काय सापडलं?"

"विश्वास बसणार नाही तुमचा. यंत्रानं सांगितलं, मी पानं परत धुतली, नवी भांडी घेतली, परत केलं, दुसऱ्या यंत्रावर केलं. तेच! तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता ना बाबा, त्या गोळीत जे रसायन आहे, अगदी तेच या पानात आहे. कारखान्यात बनवतात ते हे झाड आपलं आपण कुंडीत बनवतंय! रस्त्यावरच्या तणात नाही हं, तेही तपासलं. फक्त आपल्या कुंडीतल्या!"

मास्तर मटकन खुर्चीत बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. अख्ख्या प्रयोगशाळेला जे कोडं सुटलं नव्हतं ते त्यांना एका क्षणात सुटलं. तिथल्या लोकांचीही चूक नव्हती. मातीचा संशय यायला मातीत रोज गोळी पुरणारा माणूस डोळ्यांसमोर यावा लागतो, आणि असा माणूस सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

"बाबा, तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला ना. फार झाला," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

खरं सांगावं तर इतक्या वर्षांची अब्रू जाणार, बायको तोंडात बोट घालून गोळी घशात ढकलणार, डॉक्टर हसणार. न सांगावं तर सून तोंडघशी पडणार. मास्तरांनी मधला मार्ग काढला. मधला मार्ग काढणारा माणूस दोन्ही बाजूंनी चिरडला जातो, हे मैदानावर त्यांनीच पोरांना शिकवलं होतं. त्यांनी ठरवलं, आजपासून तणाच्या कुंडीत गोळी बंद. हळूहळू पानांतलं औषध संपेल, पुढच्या तपासणीत काही सापडणार नाही, आणि झाडाचा काहीतरी लहरी प्रकार म्हणून विषय मिटेल. आता गोळीचं काय करायचं? शेजारीच गुलाबाची कुंडी होती. गोळी गुलाबाला जाऊ लागली.

आणि इथून मास्तरांचं ग्रहमान फिरलं. काही आठवड्यांनी सून आणखी एका पिशवीत पानं खुडू लागली.

"हे गं काय? गुलाबाची कशाला?"

"तुलनेसाठी, बाबा. शेजारच्या कुंडीतलं झाड तपासून त्यात ते रसायन नाही असं दाखवावं लागतं. ते दाखवलं की कोणाला बोलायला जागा नाही."

गुलाबात रसायन निघालं. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. सून गोंधळली, पण तिचे विभागप्रमुख आनंदानं वेडे व्हायचे बाकी राहिले. "एक झाड दुसऱ्याला शिकवतंय!" ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "अहो, जगात कोणी पाहिलं नाही हे! दोन्ही कुंड्या समितीपुढे आणा. सासऱ्यांना आणा. सासूबाईंना म्हणावं, काढा करून आणा!"

इकडे घरी बाईंचा मूड का कोण जाणे फार छान होता. त्या मास्तरांकडे बघून मधूनच हसायच्या, काढा देताना म्हणायच्या, "वळणावर आले म्हणायचे एकदाचे." कसलं वळण ते मास्तरांना कळेना. त्यांना विचार करायचीही ताकद नव्हती, कारण हल्ली त्यांचं डोकं सारखं ठणकत होतं आणि जिना चढताना कानात शिट्टी वाजत होती. डॉक्टरांनी पट्टा फुगवला आणि भुवया उंचावल्या.

"सर, एकदम कसा वाढला? गोळी रोज घेताय ना?"

"रोज!" बाईच मध्ये म्हणाल्या. "मी स्वतः बघते."

"मग आता दोन घ्या. सकाळी एक, संध्याकाळी एक."

त्या दिवसापासून गुलाबाला दोन गोळ्या मिळू लागल्या.

समिती येण्याच्या आदल्या संध्याकाळी सून मास्तरांच्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, मला भीती वाटतेय."

"कशाची?"

"हे फार चांगलं आहे. एवढं चांगलं कधी नसतं. सर ऐकत नाहीत, पण माझं मन म्हणतंय, कुठेतरी चुकतंय. उद्या मी सगळ्यांपुढे सांगणार, माझं नाव त्याच्यावर लागणार, आणि पुढे कधी हे खोटं निघालं तर प्रकल्प सोडाच, मला कोणी दारात उभं करणार नाही."

मास्तर तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि हात अर्ध्यातच थांबला. आपल्या एका गोळीच्या हट्टापायी या पोरीचं आयुष्य टांगणीला लागलंय, हे त्यांना लख्ख दिसलं आणि स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीत मास्तरांच्या मांडीवर तणाची कुंडी, सुनेच्या मांडीवर गुलाबाची आणि बाईंच्या मांडीवर काढ्याचा थर्मास, अशी वरात प्रयोगशाळेत पोहोचली. लांब टेबल, त्यावर पांढरा कपडा, त्यावर कुंड्या. पलीकडे समितीचे लोक. मधोमध पिकल्या मिश्यांचे, शांत चेहऱ्याचे अध्यक्ष. विभागप्रमुखांनी सुरुवातच अशी केली की तण म्हणजे गुरू आणि गुलाब म्हणजे शिष्य. मग म्हणाले, "अधिक बोलत नाही. आपण सर्वांनी हा काढा प्रत्यक्षच घेऊन पाहावा." बाईंनी जड हातानं कप भरले. समितीनं कप ओठांशी नेले. सून बोलायला उभी राहिली.

"थांब!"

जो आवाज एके काळी सबंध मैदान जागच्या जागी खिळवत असे, तो आवाज होता. सगळे कप हवेत थांबले. विभागप्रमुखही नकळत ताठ झाले. मास्तर टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून उभे होते.

"या झाडात काही नाही. गुलाबातही नाही. जे सापडलं ते माझं आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी मी रोज गालात धरतो आणि मातीत पुरतो. वर्षभर या कुंडीत, गेला महिनाभर त्या कुंडीत. माझ्या सुनेनं जे होतं तेच शोधलं, तिची काही चूक नाही. ती हुशार आहे, मी लबाड आहे. माझं संपलं."

विभागप्रमुखांनी हातातला कप टेबलावर ठेवला आणि गुलाबाकडे असं बघितलं, जणू त्यानंच फसवलं होतं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "तरीच," ती हळूच म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. ती शेवटी हाडाची संशोधक.

"पण बाबा, हे जुळत नाही. पानात उतरलंय ते अगदी कणभर. आमचं यंत्र नाजूक म्हणून ते सापडलं. तेवढ्यानं माणसाचा रक्तदाब उतरत नाही. मग वर्षभर तुमचा ताब्यात कसा राहिला?"

"जोर-बैठका," मास्तर म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

विभागप्रमुख आशेनं पुढे सरकले. "म्हणजे झाडात आणखी काहीतरी गुण असलाच पाहिजे!"

"झाडात काही नाही हो," बाई थर्मासचं झाकण लावत म्हणाल्या. "तण आहे ते."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. लग्न झाल्यापासून या माणसानं कधी रोपट्याला तांब्याभर पाणी घातलं नाही आणि एकाएकी झारी घेऊन बाल्कनीत! जाऊन बघते तर मातीत बोटाचं भोक. यांचं बोट मी ओळखत नाही होय? मग रोज भोक बघायचं. भोक दिसलं की दुसरी गोळी कुटायची आणि काढ्यात घालायची. गोळी कडू, काढा त्याहून कडू. कळायचं कसं? कडू काहीतरी हवं होतं, हे तण हाताशी होतं, म्हणून त्याचं कौतुक केलं. मी तर नको म्हणत होते पाला न्यायला."

"मग गेल्या महिन्यात?" सुनेनं विचारलं.

"महिनाभर भोकच दिसेना! मला वाटलं, सुधारले. गिळायला लागले. कुटायचं बंद केलं मी. मला काय स्वप्न पडलं होतं, हे गुलाबाच्या मागे लागलेत म्हणून?"

पहिल्यांदा समितीतल्या एक बाई हसल्या, मग सगळेच. मास्तर टाचा जुळवूनच उभे होते. फक्त अध्यक्ष हसले नाहीत. ते विचारात पडले होते.

"म्हणजे झाडात औषध सापडलं नाही," ते अखेर सुनेला म्हणाले, "पण औषध झाडात गेलं. ते तुम्ही कणभरसुद्धा मोजून दाखवलंत. बरोबर?"

"हो सर."

"लोक कुठे कुठे गोळ्या टाकतात देव जाणे. त्या मातीतून पाल्यात किती उतरतात आणि पाल्याला आपण औषधी कसं म्हणून बसतो, हे कोणीतरी नीट बघायलाच हवं. झाडाचा स्वतःचा गुण कुठला आणि उसना कुठला, ते तरी कळेल. प्रकल्प चालू ठेवा. विषय बदला."

बाहेर पडताना ते बाईंच्या बाजूला आले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "वहिनी, कुटलेली गोळी समजा कॉफीत घातली... तर कळते का?"

"कॉफी कडक असेल तर नाही कळायची."

"अस्सं," अध्यक्ष म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवत बराच वेळ जिन्यावर उभे राहिले.

परतताना टॅक्सीत मास्तर खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "कळलं होतं तर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही कुंडी बदलली असती."

मास्तरांनी मांडीवरची कुंडी सावरली. "राग नाही आला तुला?"

"आला की. चमचाभर पाल्यानं काम झालं असतं. मूठभर घालायचे ते कशाला?"

मास्तरांना हसू आलं आणि लगेच भरूनही आलं. रोज सकाळी ते जबडा वासून फसवायचे आणि ही समाधानानं मान डोलावून आत जायची, ती कुटायला. त्यांनी कुंडीखालून हात काढून बायकोचा हात धरला. कुंडी कलंडली आणि टॅक्सीत माती सांडली, ती गोष्ट वेगळी.

त्यानंतर मास्तरांनी खरोखर गोळी गिळायचा प्रयत्न केला. पण घसा ऐकेना. गोळी तोंडात गेली की सवयीनं सरळ गालात जाऊन बसायची. शेवटी त्यांनी स्वतःच खलबत्ता घेतला. सकाळी सकाळी बाल्कनीत बसून, पाठ ताठ ठेवून, ते एक-दोन एक-दोन करत आपली गोळी आपण कुटू लागले. तण आता प्रयोगशाळेतच राहायला गेलं होतं, तेव्हा पूड नुसत्या पाण्यात.

अशाच एका सकाळी सुनेचा फोन वाजला. समितीच्या अध्यक्षांनी आदल्या दिवशी प्रयोगशाळेत एक छोटी बाटली पाठवली होती, आत काळपट पाणी, वर नाव नाही.

"झाली का हो तपासणी?" त्यांनी विचारलं.

"झाली, सर." सून जरा घुटमळली. "कॉफीच आहे. पण... नुसती कॉफी नाही."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "बरं झालं. दोन वर्षं झाली, मी गोळी बेसिनमध्ये टाकतोय. एक करा, हे कुठे लिहू नका. आमच्या हिला तर अजिबात कळू देऊ नका."

"का, सर?"

"तिला कळलं की मला कळलंय, तर ती म्हणेल आता तुमची तुम्ही घ्या," ते म्हणाले आणि घाईनं फोन ठेवला, कारण कॉफी आली होती.